तुकडा किती खोल?

कातडीचा तुकडा पॅथॉलॉजीकडे येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक फॉर्म येतो. त्यावर रुग्णाचं नाव असतं, वय असतं आणि 'क्लिनिकल डायग्नोसिस'च्या पुढे बहुतेक वेळा एकच शब्द असतो. 'सिस्ट', 'चामखीळ', फार तर प्रश्नचिन्ह टाकून 'बीसीसी'. गाठ किती वर्षांची आहे, वाढतेय का, तिथे बधिरपणा आहे का, त्याच जागचं पूर्वी काही काढलं होतं का, रुग्णाला आधी स्तनाचा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग होऊन गेलाय का, हे सगळं कोरं. बहुतेक तुकड्यांच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही. चामखीळ ही चामखीळच निघते. हे पुस्तक ज्या आजारांबद्दल आहे त्यांच्या बाबतीत मात्र तो कोरा रकाना महागात पडतो.

घामाच्या ग्रंथींचे कर्करोग दुर्मीळ आहेत. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीत १९७८ ते २००५ या काळात घामाच्या, तेलाच्या आणि केसांच्या मुळांशी निगडित असे त्वचेचे सगळे कर्करोग मिळून दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण पाच रुग्ण सापडले. आता हा आकडा वीसेक आजारांत वाटून द्या. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी रोज स्लाइडी पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला यातला एखादा प्रकार उभ्या कारकिर्दीत एकदा येईल, किंवा येणारही नाही. जे कधी पाहिलंच नाही ते पहिल्याच भेटीत ओळखा, अशी ही मागणी आहे. त्यातून हे आजार दुसऱ्या कुणासारखे तरी दिसतात. कधी निरुपद्रवी गाठीसारखे, कधी त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगासारखे, तर कधी दुसऱ्या अवयवातून पसरून आलेल्या कर्करोगासारखे.

असं का व्हावं, याचं उत्तर शरीराच्या घडणीत आहे. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. पैकी बहुतेक एक्राइन, म्हणजे उन्हाळ्यात अंग निथळवणाऱ्या. त्यांची सर्वांत जास्त दाटी तळहात आणि तळपायांवर. काखेत, जांघेत, स्तनाग्राभोवती असतात त्या अपोक्राइन. हा भेद १९२२ मध्ये शीफरडेकर या जर्मन शास्त्रज्ञानं मांडला. दोन्हींची मूळ रचना एकच. आत स्राव करणाऱ्या पेशींचा थर, त्याला बाहेरून बिलगून आकुंचन पावणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींचा थर, आणि वर पृष्ठभागापर्यंत जाणारी नळी. आता स्तन पाहा. तोही मुळात अशाच एका त्वचाग्रंथीचं वाढलेलं, बदललेलं रूप आहे आणि तिथेही हेच दोन थर आहेत. लाळग्रंथींची बांधणीही याच जातीची. तेव्हा काखेतल्या घामाच्या ग्रंथीचा कर्करोग स्तनाच्या कर्करोगासारखा दिसला किंवा डोक्याच्या टाळूवरची गाठ लाळग्रंथीतल्या गाठीची नक्कल वाटली, तर ती नक्कल नव्हे. एकाच कुळातली चेहरेपट्टी आहे ती.

पुढच्या प्रकरणांत एकेक प्रकार सविस्तर येईलच. इथे दोन-तीन प्रकारांवर जरा रेंगाळतो, कारण मला जे सांगायचं आहे ते त्यांच्यातूनच सांगता येतं. या कर्करोगांचं निदान चुकतं ते बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली चुकत नाही. तुकडा कुठून घेतला, किती खोल घेतला आणि सोबत काय लिहून पाठवलं, तिथेच ते चुकून बसलेलं असतं.

मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. गोल्डस्टीन, बार आणि सांताक्रूझ यांनी १९८२ मध्ये तो वेगळा ओळखला. त्याआधी हे रुग्ण नव्हते असं नाही. ते वेगवेगळ्या नावांखाली फायलींत पडून होते. दिसायला हा चेहऱ्यावरचा, बहुतेकदा वरच्या ओठावरचा किंवा नाकाच्या कडेच्या घडीजवळचा, कातडीच्याच रंगाचा किंवा किंचित पिवळट, बोटाला टणक लागणारा चट्टा. दुखत नाही, सहसा चिघळत नाही. वर्षानुवर्षं रुग्णाला तो जुना व्रण वाटतो, आणि त्याच्या डॉक्टरलाही.

मग केव्हातरी कुणीतरी ब्लेडनं वरचा पापुद्रा काढून तपासायला पाठवतो. स्लाइडवर केराटिननं भरलेल्या इवल्याशा पिशव्या दिसतात, घामाच्या नळ्यांसारख्या काही छोट्या नळ्या दिसतात. पेशी सोज्वळ, केंद्रकं एकसारखी, विभाजन जवळपास नाहीच. रिपोर्टात सिरिंगोमा लिहिला जातो, नाहीतर डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा. दोन्ही निरुपद्रवी. त्या पापुद्र्यापुरता हा रिपोर्ट चूक म्हणता येत नाही. जे दिसलं ते लिहिलं. पण हा आजार वरून खाली जाताना रूप बदलतो. वरच्या थरात पिशव्या, मधल्या थरात नळ्या आणि पेशींच्या बारीक रांगा, आणि अगदी खाली, कडक झालेल्या तंतुमय भागात, एकेका पेशीच्या रुंदीचे धागे. हे धागे चरबीत उतरतात, स्नायूंत शिरतात, आणि मज्जातंतूला वेटोळं घालून त्याच्या कडेनं लांबवर जातात. पेशी मात्र तळापर्यंत तितक्याच सोज्वळ राहतात. तेव्हा हा कर्करोग आहे हे पेशींच्या चेहऱ्यावरून कळत नाही, त्या कुठवर पोचल्या आहेत यावरून कळतं. पापुद्रा पाहून त्याचं निदान करणं म्हणजे दारात उभं राहून घरात माणसं किती ते सांगणं.

म्हणून चेहऱ्यावरच्या टणक, हळू वाढणाऱ्या चट्ट्याचा तुकडा चरबीपर्यंत पोचलेला असावा, आणि शक्य तर त्यात चट्ट्याची कड असावी. सिरिंगोमा त्वचेच्या वरच्या भागात राहतो, साधारण सममित असतो, आणि बहुधा पापण्यांखाली दोन्ही बाजूंना बारक्या पुटकुळ्यांच्या रूपात असतो. एकुलता एक, एकाच बाजूचा, प्रौढ माणसाच्या ओठावरचा 'सिरिंगोमा' असा रिपोर्ट आला तर तो पुन्हा वाचावा. डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमात सीके-२० या रंजकानं विखुरलेल्या मर्केल पेशी सापडतात. मायक्रोसिस्टिकमध्ये त्या सहसा नसतात. बेसल सेल कार्सिनोमाच्या चिवट, आत झिरपणाऱ्या प्रकाराशीही याची गल्लत होते, तिथे बर-ईपी-४ हे रंजक मदतीला येतं. ही सगळी रंजकं उपयोगी आहेत. पण खालचा थर तुकड्यात नसेल तर डझनभर रंजकं वापरूनही प्रश्न तिथेच राहतो, आणि बिल मात्र रुग्णाच्या हाती पडतं.

बधिरपणाचं काय? मज्जातंतूला विळखा पडला की काही रुग्णांना तिथे मुंग्या येतात, जळजळ होते किंवा स्पर्शच कळत नाही. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, चेहऱ्यावरचा बधिर चट्टा म्हटला की डॉक्टरच्या मनात पहिलं नाव कुष्ठरोगाचं येतं, आणि ते यायलाच हवं. प्रश्न पुढचा आहे. बायोप्सीत जंतू नाहीत, ग्रॅन्युलोमा नाही, तरी औषध सुरू करून वाट पाहायची, की मज्जातंतूभोवती नेमकं काय आहे ते पुन्हा पाहायचं? परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा सुरुवातीच्या काळात ज्यांनी उभ्या केल्या त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कर्करोगाइतकाच कुष्ठरोगाचाही अभ्यास केला होता, आणि कुष्ठरोगात मज्जातंतूंचं काय होतं यावर त्यांचं मोलाचं काम आहे. एकच माणूस हे दोन्ही पाहत होता. आज कातडीचा तज्ज्ञ कुष्ठरोग पाहतो, ऑन्कोसर्जन कर्करोग पाहतो, आणि बधिर चट्टा या दोघांच्या मधल्या जागेत पडून राहतो. फॉर्मवर 'बधिरपणा आहे' हे दोन शब्द लिहिले असतील तर स्लाइड पाहणारा आधी मज्जातंतू शोधतो. नसतील तर तो नळ्या मोजत बसतो.

शस्त्रक्रियेतही हीच अडचण पुढे येते. डोळ्यांना दिसणाऱ्या चट्ट्याच्या कितीतरी पट भाग आतून व्यापलेला निघतो. फ्रेडरिक मोझ या अमेरिकी शल्यचिकित्सकाच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत, म्हणजे थर काढायचा, त्याची सगळी कड आणि तळ लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, जिथे शिल्लक आहे तिथलाच पुढचा थर घ्यायचा, या आजारासाठी फार सोयीची आहे. आपल्याकडे ती मोजक्याच ठिकाणी होते. जिथे नाही तिथे कडा मोकळ्या असल्याचा पक्का रिपोर्ट येईपर्यंत जखम झाकून न टाकता थांबणं हा व्यवहार्य मार्ग आहे. चेहऱ्यावर मोठी जखम उघडी ठेवून थांबायला रुग्णाला तयार करणं हे वेगळंच काम आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आता बोटांकडे येऊ. डिजिटल पॅपिलरी ॲडेनोकार्सिनोमा हाताच्या बोटांवर, त्याहून कमी वेळा पायाच्या बोटांवर होतो, पुरुषांमध्ये जास्त. पेराजवळ किंवा नखाच्या बाजूला हळूहळू वाढणारी गाठ. आधी नखुरडं म्हणून प्रतिजैविकं होतात, मग गँगलिऑन म्हणून सुई टोचली जाते, थोडं पाणी निघतं, गाठ पुन्हा भरते. शेवटी लोकल देऊन ती काढली जाते आणि, हे मी मुद्दाम लिहितो, बऱ्याचदा फेकून दिली जाते. बोटाची गाठ तपासायला कशाला पाठवायची? दोन वर्षांनी ती त्याच जागी परत येते तेव्हा पहिल्या गाठीचा मागमूसही कुठे नसतो.

पाठवली तरी फसगतीला जागा आहेच. स्तनाच्या पॅथॉलॉजीत शिकलेला एक नियम प्रत्येकाच्या हाडीमाशी खिळलेला असतो: ग्रंथीभोवतीचा मायोएपिथेलियल पेशींचा थर शाबूत असेल तर कर्करोग अजून बाहेर पडलेला नाही. बोटावरच्या या कर्करोगात तो थर हमखास सापडतो, आणि तरी हा कर्करोग फुप्फुसापर्यंत जातो. १९८७ मध्ये काओ, हेलविग आणि ग्रॅहम यांनी त्याचे ॲडेनोमा आणि ॲडेनोकार्सिनोमा असे दोन गट केले होते. पुढे २००० मध्ये ड्यूक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ज्यांना ॲडेनोमा म्हणून सौम्य ठरवलं होतं त्यांतल्या काही गाठीही पसरल्या. तेव्हापासून सौम्य गट रद्द. बोटावरची अशी रचना म्हणजे कर्करोगच, पेशी कितीही शहाण्यासारख्या दिसोत. फॉर्मवर जागा 'हात' एवढीच लिहिली आणि 'बोट' लिहायचं राहिलं, तर याच चित्राला सौम्य हिड्राडेनोमा म्हणायला पॅथॉलॉजिस्ट मोकळा होतो.

गंमत अशी की पापणीवरच्या म्युसिनस कार्सिनोमात हाच मायोएपिथेलियल थर तिसरंच काही सांगतो. चिकट द्रवाच्या तळ्यात तरंगणारे पेशींचे पुंजके हे चित्र स्तनाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाचंही असतं. त्यातल्या एखाद्या कोपऱ्यात जरी हा थर टिकून राहिलेला सापडला, तरी कळतं की कर्करोग इथेच जन्मला, बाहेरून आलेला नाही. बाहेरून आलेल्या पेशी आपल्याबरोबर हा थर घेऊन येत नाहीत. म्हणजे एकच थर. स्तनात त्याचा अर्थ दिलासा, बोटावर त्याला काही अर्थ नाही, आणि पापणीवर तो जन्माचा दाखला. जागा ठाऊक नसेल तर यातलं काहीच वाचता येत नाही.

पापणीवरचा या कुळातला आणखी एक प्रकार १९९७ मध्ये वर्णिला गेला, त्याचं नाव एंडोक्राइन म्युसिन-प्रोड्युसिंग स्वेट ग्लँड कार्सिनोमा. नाव लांबलचक, आजार तसा शांत. वयस्कर स्त्रियांच्या खालच्या पापणीवर जास्त. रांजणवाडी म्हणून शेक, मग छोटीशी शस्त्रक्रिया. आपल्याकडे पापणीवर तेलग्रंथींचा कर्करोग तुलनेनं जास्त आढळतो, म्हणून पुन्हा पुन्हा येणारी गाठ तपासायला पाठवण्याचा धडा नेत्रतज्ज्ञांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याचा फायदा इथेही होतो.

पोरोकार्सिनोमाबद्दल थोडक्यात. हा बहुधा पायावर, उतारवयात, कित्येकदा वर्षानुवर्षं असलेल्या पोरोमा या निरुपद्रवी गाठीतून होतो. तळपायावर असला तर कुरूप म्हणून कापला जातो, रक्त यायला लागलं तर पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणून जाळला जातो. स्लाइडवर तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमासारखा दिसतो, आणि नळ्या शोधल्याशिवाय सापडत नाहीत. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की पोरोमा आणि पोरोकार्सिनोमा यांतल्या पुष्कळ गाठींमध्ये वायएपी-१ हे जनुक दुसऱ्या जनुकाशी जोडलं गेलेलं असतं. काही गाठींत ते दुसरं जनुक नट-एम-१ असतं, आणि त्यासाठीचं रंजक केंद्रकात उठून दिसलं की शंका बरीच मिटते. उठलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, हे विसरू नये.

यापेक्षा मला जास्त लिहायचं आहे ते जांघेतल्या लाल चट्ट्याबद्दल. जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्रावरचा आजार वर्णिला. १८८९ मध्ये क्रॉकर यांनी तसाच आजार जननेंद्रियावर पाहिला. स्तनाबाहेरचा हा पॅजेटचा आजार साठी-सत्तरीतल्या माणसांना जांघेत, गुप्तांगावर, गुदद्वाराभोवती होतो. खाज, लाली, ओलसरपणा, पांढरट पापुद्रे. आपल्याकडे याचं पहिलं निदान औषधाच्या दुकानात होतं: गजकर्ण. मलमाची ट्यूब मिळते, जिच्यात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तगडं स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे खाज थांबते, लाली उतरते. मलम बंद केलं की परत येते. अशी वर्षं जातात. लाजेपायी घरात कुणाला सांगितलेलं नसतं. आजोबा नातवाला ट्यूबचं रिकामं खोकं देऊन 'अशीच आण' म्हणतात. चट्टा जांघेच्या घडीत एकाच बाजूला आहे, कड स्पष्ट आहे, आणि महिना-दीड महिन्याच्या नीट उपचारानंही तो हटत नाही, एवढं तुकडा घेण्यासाठी पुरेसं कारण आहे. तुकड्यात फिकट, मोठ्या पेशी वरच्या थरात एकेकट्या किंवा घोळक्यानं विखुरलेल्या दिसतात. मग पुढचा प्रश्न असा, की त्या इथल्याच आहेत की गुदाशयातून, मूत्राशयातून वर आल्या आहेत? सीके-७ आणि सीके-२० या जोडीनं त्याचं उत्तर बऱ्याच अंशी मिळतं, तरी आतली तपासणी टाळू नये.

आणि आता या सगळ्यांत रुग्णाच्या दृष्टीनं सर्वांत जड प्रश्न. काखेत गाठ आहे, बायोप्सीत ग्रंथींचा कर्करोग आहे. तो घामाच्या ग्रंथीचा म्हटला तर नीट काढून टाकणं हा उपचाराचा गाभा. स्तनातून किंवा दुसरीकडून पसरलेला म्हटला तर सगळा हिशेबच बदलतो. पी-६३ आणि डी२-४० ही रंजकं जोरकस उठली तर कौल त्वचेच्या बाजूनं जातो. पसरून आलेल्या कर्करोगात ती बहुधा उठत नाहीत. 'बहुधा' हा शब्द इथे महत्त्वाचा. घामाच्या ग्रंथींचे काही कर्करोग ही खूण गमावतात, स्तनाचे काही प्रकार ती दाखवतात. काखेतल्या अपोक्राइन कार्सिनोमाच्या बाबतीत तर मी असं म्हणेन की नुसत्या स्लाइडवरून छातीठोकपणे निकाल देणाऱ्यापासून जरा जपूनच राहावं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, जुने रिपोर्ट आणि स्लाइड एकत्र ठेवल्याशिवाय हा निकाल होत नाही. पारदर्शक पेशींच्या हिड्राडेनोकार्सिनोमाची मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी अशीच गल्लत होते, आणि तिथे तर पोटाची साधी सोनोग्राफीही वाट दाखवू शकते.

नावांचा पसारा पाहून विद्यार्थी घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणातली यादी पाठ करण्याची गरज परीक्षकाला वाटत असेल, मला वाटत नाही. काही नावं पुढे बदलतील, काही एकमेकांत विरतील. ज्या नावांमागे औषध उभं राहतं ती मात्र लक्षात ठेवावी. त्वचेतल्या सिक्रीटरी कार्सिनोमात ईटीव्ही-६ आणि एनटीआरके-३ या जनुकांची जोड सापडते आणि त्या जोडीवर थेट काम करणाऱ्या गोळ्या आता आहेत.

शेवटची गोष्ट ब्लॉकची. मेणात बसवलेला तुकडा म्हणजे ब्लॉक, आणि तो रुग्णाचा आहे. आपल्याकडे तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्लाइडींबरोबर, एसटीनं किंवा रात्रीच्या रेल्वेनं मुंबईला जातो. तिथे रंजकं होतात, कधी निदान बदलतं. पाठवताना ब्लॉकबरोबर पहिल्या रिपोर्टाची प्रत, शस्त्रक्रियेची नोंद आणि गाठीचा काढण्यापूर्वीचा एक फोटो जोडावा. मोबाइलवर काढलेला चालतो, फक्त शेजारी मोजपट्टी धरावी. उन्हाळ्यात गाडीच्या काचेजवळ ब्लॉक ठेवू नये, मेण मऊ पडतं. आणि मूळ तुकडा छोटा असेल तर ब्लॉक आधीच कापून संपवू नये, कारण ज्या प्रयोगशाळेला खरा निर्णय द्यायचा आहे तिला पंधरा-वीस काप लागू शकतात.